दातांनाही हवी विश्रांती

पनवेलहून पहाटेच्या लोकलने मुंबई गाठणाऱ्या नोकरदाराचा दिवस चहाने सुरू होतो आणि चहावरच चालतो. निघताना घरी एक कप, स्थानकाबाहेर टपरीवर दुसरा, तासाभराहून अधिकचा प्रवास संपल्यावर कचेरीत तिसरा आणि संध्याकाळपर्यंत आणखी दोन-तीन. प्रत्येक कपात साखर चमचाभरच, सोबत एखादे बिस्कीट. त्यामुळे आपण गोड फारसे खात नाही, असेच त्याला वाटते. पण दात किडण्याच्या बाबतीत साखर एकूण किती खाल्ली याबरोबरच ती दिवसात किती वेळा तोंडात गेली, हेही फार महत्त्वाचे असते.

दातांवर जिवाणूंचा एक चिकट, पातळ थर सतत तयार होत असतो. गोड पदार्थ तोंडात गेला की काही मिनिटांतच हे जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. तोंडातील सामू साधारण ५.५ च्या खाली उतरला की दाताच्या कठीण आवरणातून, म्हणजे एनॅमलमधून, कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडू लागते. पुढे लाळ हे आम्ल निवळवते आणि क्षार पुन्हा दातात बसवते. पण या दुरुस्तीला अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्यात दुसरा कप आला, की दुरुस्ती अर्धवट राहते.

स्वीडनमधील विपेहोल्म येथील संस्थेत १९४० च्या दशकात हेच दिसून आले. जेवणासोबत साखर दिल्यावर कीड फारशी वाढली नाही. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी दिल्यावर ती झपाट्याने वाढली. बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांवर, त्यांच्या संमतीविना झालेला हा प्रयोग आज अनैतिक मानला जातो. त्यातून मिळालेला धडा मात्र दंतवैद्यकाने कायम ठेवला आहे.

म्हणून गोड खायचेच तर जेवणासोबत खावे. मधल्या चहांपैकी दोन-तीन बिनसाखरेचे करावेत आणि एकच कप तासभर घोट घोट पीत बसू नये. चहानंतर पाण्याची चूळ भरावी. गूळ आणि मध 'नैसर्गिक' असले, तरी दातांवरील जिवाणूंना ते साखरेइतकेच चालतात.

लहान मुलांची दाढ

भारतात २००२-०३ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १२ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले. याचे एक कारण घरोघरी सापडते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती येताना एकही दात पडत नाही, त्यामुळे पालक तिला दुधाचीच दाढ समजतात आणि किडली तरी 'पडेल आपोआप' म्हणून सोडून देतात. ही दाढ आयुष्यभरासाठी असते. तिच्या खोल खाचा सीलंटने बुजवून घेतल्या, तर कीड बरीच टळते.

दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवणेही टाळावे. झोपेत लाळ कमी सुटते आणि वरचे पुढचे दात रात्रभर दुधात राहतात.

रात्रीचे दात घासणे

लाळ रात्री कमी होते, म्हणून झोपण्यापूर्वी दात घासणे सर्वांत मोलाचे. बहुतेक घरांत नेमके तेच राहून जाते. फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन मिनिटे घासावे, फेस थुंकून टाकावा आणि लगेच खळखळून चूळ भरू नये. फ्लोराइडला दातांवर थोडा वेळ मिळतो. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. साधारण सात वर्षांपर्यंत मोठ्यांनीच मुलांचे दात घासून द्यावेत. दोन दातांमधील फटीत ब्रश पोहोचत नाही. तिथे मोठ्यांनी फ्लॉसचा दोरा वापरावा.

ग्रामीण भागात आजही वापरली जाणारी मिश्री ही भाजलेली तंबाखू आहे. तिने कीड थांबत नाही. उलट हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

पांढरा डाग दिसला तर

किडीची पहिली खूण काळे भोक नसते. हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग दिसतो आणि तो दुखत नाही. या टप्प्यावर फ्लोराइड आणि सवयींतील बदलाने कीड थांबू शकते, मागेही फिरू शकते. दात ठणकू लागतो तोवर कीड बहुधा नसेजवळ पोहोचलेली असते. मग रूट कॅनाल किंवा दात काढणे एवढेच मार्ग उरतात. म्हणून दुखत नसतानाच तपासणी करून घ्यावी. पनवेल परिसरात कामोठ्याला दंत महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. दात सुटीच्या दिवशीच दुखेल असे नाही, पण तपासणीला जायला सुटीचा एक दिवस पुरतो.