गिटारवाल्याचं नाव

१९६९ साली लंडनमध्ये ‘हम दोनो’ नावाची एक एलपी निघाली. हे नाव ऐकलं की आपल्याकडच्या माणसाला आधी देव आनंद आठवतो, मग जयदेवची गाणी. या तबकडीत मात्र सिनेमाचं गाणं नाही, सतार नाही, तबलाही नाही. अल्टो सॅक्सोफोनवर जमैकाचा जो हॅरियट आहे आणि इलेक्ट्रिक गिटारवर अमान्सियो डिसिल्वा. हा मुंबईत जन्मलेला, आईबाप गोव्याचे. वेष्टनावर या दोघांची नावं जोडीने छापलेली आहेत. जॅझमध्ये आणि आपल्या सिनेसंगीतातही गिटारवाल्याला हा मान किती उशिरा मिळाला, हे पाहिलं की त्या जोडनावाचं मोल कळतं.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. जॅझच्या सुरुवातीच्या काळात गिटारला कुणी विचारत नव्हतं. कर्ण्यासमोर वाजवून ध्वनिमुद्रण व्हायचं, त्यात गिटारचा आवाज बुडून जाई. म्हणून ताल धरायला बँजो असे. १९२५च्या सुमारास मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि चित्र पालटलं. ही संधी सगळ्यात आधी साधली फिलाडेल्फियाच्या एडी लँगने. खरं नाव साल्वातोरे मासारो. इटालियन घर, बाप वाद्यं बनवणारा. ‘एडी लँग’ हे नाव त्याने आपल्या आवडत्या बास्केटबॉलपटूवरून उचललं. लहानपणीचा मित्र जो व्हेनुटी व्हायोलिनवर आणि हा गिटारवर, अशा त्यांच्या तबकड्या १९२६पासून निघू लागल्या. दोन तंतुवाद्यांवर, बाकी कुणाच्या मदतीशिवाय जॅझ उभा राहतो, हे लोकांनी तेव्हा प्रथम ऐकलं.

लँगचं याहून मोठं काम म्हणजे लॉनी जॉन्सनबरोबरच्या दहा तबकडी-बाजू. १९२८ आणि १९२९ या दोन वर्षांत ओकेह कंपनीसाठी त्या ध्वनिमुद्रित झाल्या. जॉन्सन न्यू ऑर्लिन्सचा, काळा, ब्लूजमधला पट्टीचा वादक. त्याआधीच तो लुई आर्मस्ट्राँग आणि ड्यूक एलिंग्टन यांच्या तबकड्यांवर वाजवून चुकला होता. या जोडवादनात पुढे धावतो तो बहुतेक जॉन्सन. लँग खाली स्वरसंगतीची जमीन टाकत राहतो, आणि ती अशी की पुढच्याला कुठेही उडी मारावी, पाय ठरावा. तीन-तीन मिनिटांचे तुकडे, पण आजही गिटार शिकणारे ते घोटतात. अडचण एकच होती. गोऱ्याने आणि काळ्याने एकत्र वाजवलेली तबकडी बाजारात मांडायची कशी? तेव्हा काळ्या ग्राहकांसाठी कंपन्यांची वेगळी यादी असे. त्या यादीत लँग ‘ब्लाइंड विली डन’ झाला. म्हणजे नजर शाबूत असलेला इटालियन माणूस लेबलावर आंधळा आणि काळा! १९३३मध्ये टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेत तो गेला, तेव्हा तीस वर्षांचा होता. जॉन्सन बराच पुढे जगला. मधल्या काळात तो विस्मृतीत गेला आणि लँगच्याच फिलाडेल्फियात एका हॉटेलात साफसफाईचं काम करताना सापडला.

लेबलावर नाव न येण्याची ही गोष्ट अमेरिकेपुरती नव्हती. गोव्यात पोर्तुगीज काळी चर्चच्या शाळांतून पोरांना स्वरलिपी शिकवत. चर्चमध्ये वाजवायला वादक हवेत, एवढाच तिथला हेतू. पण त्यातून पिढ्यान् पिढ्या कागदावरचं संगीत वाचणारे व्हायोलिनवाले, ट्रम्पेटवाले तयार झाले आणि पोटासाठी मुंबईला आले. धोबी तलावच्या ‘कूड’मध्ये, म्हणजे गावच्या नावाच्या खोल्यांत राहून ते ताजमहाल हॉटेलात, क्लबांत आणि मूकपटांच्या थिएटरांत वाजवत. तीसच्या दशकात अमेरिकेतले काळे जॅझवादक ताजमध्ये येऊन राहिले. क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफर्ड आला. गोव्याच्या पोरांनी त्यांच्याकडून खरा जॅझ उचलला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात दारूबंदी आली, नाइट क्लबांचा धंदा बसला आणि ही मंडळी सिनेमाच्या स्टुडिओंत शिरली.

पुढचं आपल्याला माहीत आहे, फक्त नावानिशी माहीत नाही. सी. रामचंद्र आपल्या गोदाकाठच्या पुणतांब्याचे. त्यांच्या ‘अलबेला’तल्या ठेक्यामागे चिक चॉकलेट होता, या आंतोनियो वाझला मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. शंकर-जयकिशनच्या वाद्यवृंदाची मांडणी सबॅस्टियन डिसूझाची. प्यारेलालचे गुरू अँथनी गोन्साल्विस. ते नाव ‘अमर अकबर अँथनी’च्या गाण्यामुळे घरोघर पोचलं, पण ते एका खऱ्या माणसाचं आहे हे लोकांच्या गावी नव्हतं. तबकडीवर गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, कंपनीचा कुत्रा. वादकाला जागा नाही. वादकाच्या नावाने विकल्या गेलेल्या तबकड्या अपवादाच्या. व्हॅन शिप्लेच्या इलेक्ट्रिक गिटारच्या आणि त्याच्यासोबत अ‍ॅकॉर्डियन वाजवणाऱ्या पुण्याच्या एनॉक डॅनियल्सच्या तबकड्या त्यांतल्या. पण त्यांवरही धून सिनेमाचीच.

अमान्सियो डिसिल्वा १९३६चा. योगायोग असा की गिब्सन कंपनीने आपली पहिली गाजलेली इलेक्ट्रिक गिटार, ईएस-१५०, त्याच वर्षी बाजारात आणली. मुंबईच्या बँडांतून वाजवत तो वाढला. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींची त्याच्यावर मर्जी बसली आणि चांगली गिब्सन गिटार त्याच्या हाती आली ती त्यांच्यामुळे. एका गोवेकर जॅझवाल्याला राजपुताना पोसतो, हे वाचून हसू येतं. पण दरबारी आश्रयाची आपली जुनी रीत पाहिली तर त्यात अचंबा करण्यासारखं काही नाही. गिटारलाही आश्रय मिळाला एवढंच नवं. लग्न केलं ते जॉइस नावाच्या आयरिश बाईंशी. मुलगा स्टेफानो आजारी होता, त्याच्या उपचारासाठी १९६७मध्ये कुटुंब लंडनला गेलं. तिथे गिटारवर पोट भरेना, तेव्हा डिसिल्वाने इस्पितळात कामगाराची नोकरी धरली.

त्याला हेरलं डेनिस प्रेस्टनने. हा निर्माता मोठ्या कंपन्यांच्या दारात उभा न राहता स्वतःच्या लॅन्सडाउन स्टुडिओत ध्वनिमुद्रण करी आणि तयार माल ईएमआयला देई. खपाची फार पर्वा न करता ब्रिटिश जॅझमधलं बरंच धाडसी काम त्याने करून घेतलं. डिसिल्वाची पहिली एलपी ‘इंटिग्रेशन’ १९६९ची. साथीला डॉन रेंडेल आणि इयन कार, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सगळ्यात तयार जॅझ पंचकाचे दोन्ही म्होरके. रचना डिसिल्वाच्या, आणि त्यांची नावं पाहा: ‘गँजेस’, ‘जयपूर’, ‘महाराणी’, ‘जॉइस कंट्री’. गडी आपलं चरित्रच मांडून बसला आहे.

त्याच वर्षी ‘हम दोनो’. जो हॅरियट तेव्हा एक्केचाळिशीचा. किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये, नन चालवत असलेल्या अनाथाश्रमाच्या शाळेत, तो वाद्य शिकला. म्हणजे इथेही चर्चच. एकाला गोव्याच्या परंपरेने घडवलं, दुसऱ्याला जमैकाच्या; दोघेही साम्राज्यांच्या कडेला जन्मलेले आणि लंडनला येऊन भेटलेले. हॅरियटने १९६०च्या आसपास ब्रिटनमध्ये मुक्त जॅझचे प्रयोग केले, अमेरिकेतल्या ऑर्नेट कोलमनच्या बरोबरीने आणि त्याचा हात न धरता. मग कलकत्त्याच्या जॉन मेयरबरोबर ‘इंडो-जॅझ स्वीट’ आणि ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’ या तबकड्या काढल्या.

‘फ्यूजन’ हे प्रकरण तिथून सुरू होतं म्हणायला हरकत नाही, आणि माझी तक्रारही तिथूनच सुरू होते. मेयर विद्वान होता, त्याचा आराखडा चोख होता: पाच जॅझवाले, पाच भारतीय वाद्यांच्या बाजूचे. सतारीवर दिवाण मोतीहार, तबल्यावर केशव साठे, तंबोऱ्यावर चंद्रहास पैगणकर. लंडनच्या जॅझमध्ये ही नावं वाचून आपला ऊर भरून येतो. पण ऐकताना बाजू दोनच राहतात. हे वाजवतात तेव्हा ते थांबतात, ते वाजवतात तेव्हा हे. आमच्या वेरूळ-अजिंठा महोत्सवात, सोनेरी महालासमोर थंडीत शाल गुंडाळून, असे फ्यूजनचे कार्यक्रम आपण ऐकतोच. आधी तबला, मग ड्रम, मग दोघांची सवाल-जबाबाची चढाओढ आणि टाळ्यांचा कडकडाट. मजा येते. पण ती कुस्ती असते. जुगलबंदी म्हणजे काय ते बिस्मिल्ला खाँची सनई आणि व्ही. जी. जोगांचं व्हायोलिन एकत्र ऐकलं की समजतं. तिथे एकाचं वाक्य दुसरा पुरं करतो आणि कोण जिंकलं हा प्रश्नच पडत नाही.

‘हम दोनो’ या दुसऱ्या जातीची आहे. हिंदुस्थानी अंग दाखवायला डिसिल्वाला सतारवाला बोलवावा लागत नाही. ते त्याच्या बोटांतच आहे. सतारीचे पडदे उंच आणि कमानदार, तार आडवी खेचली की चार-पाच स्वर सहज चढतात. गिटारवरचे पडदे बसके, जॅझवाल्याच्या तारा जाड. खेचून खेचून किती खेचणार? तेव्हा मींड घ्यायची तर बोट तारेवरून घसरवत न्यावं लागतं, किंवा एकदा छेडलेल्या तारेवर डाव्या हाताच्या बोटांनीच पुढचे दोन-तीन स्वर काढावे लागतात. डिसिल्वा हेच करतो. सलग ओळ धरून तो धावतो, मध्येच एखादी सुटी तार घुमती ठेवतो आणि त्या आधारस्वरावर पुन्हा पुन्हा येऊन टेकतो. आपल्या कानाला ते तानेसारखं लागतं, लंडनकरांच्या कानाला बीबॉपसारखं. दोघांचंही बरोबर आहे.

तबकडीवर रचना पाच. ‘स्टेफानोज डान्स’ आजारी लेकासाठी. ‘स्प्रिंग लो, स्वीट हॅरियट’मध्ये ड्रमवाला ब्रायन स्प्रिंग आणि हॅरियट या दोघांची नावं एका जुन्या निग्रो भक्तिगीताच्या नावात गुंफली आहेत. मग ‘बॅलड फॉर गोवा’, ‘एन.एन.एन.टी.’ आणि नव्याने केलेलं ‘जयपूर’. डबलबासवर डेव्ह ग्रीन. ट्रम्पेटला इयन कार. नॉर्मा विन्स्टन ही गायिका गाते, पण शब्द नाहीत, नुसता आकार; आपल्याकडे ज्याला आलापी म्हणतील तसा. हॅरियटचा सूर तिखट, किंचित रडवा, टोकाला कापत जाणारा. गिटार त्याच्या खाली गोल, भरीव. एकाला धार आहे, दुसऱ्याला वजन, आणि कुणीही दुसऱ्याच्या आवाजावर आपला आवाज चढवत नाही. लँग-जॉन्सनच्या दहा बाजूंनंतर चाळीस वर्षांनी त्या तोडीचा समंजसपणा मला या तबकडीत ऐकू येतो. ही माझी आवड म्हणा हवं तर. पण यावर मी भांडायला तयार आहे.

जोडी मात्र टिकली नाही. हॅरियटचं अखेरचं आयुष्य विपन्नावस्थेत गेलं आणि जानेवारी १९७३मध्ये तो कर्करोगाने वारला, पंचेचाळिशीही गाठली नाही. डिसिल्वाची १९७१ची ‘रिफ्लेक्शन्स’ मला बेताची वाटते. वाद्यवृंदाच्या पाकात गिटार विरघळते. १९७२ची ‘ड्रीम सीक्वेन्स’ कॉस्मिक आय या नावाने निघाली, म्हणजे मुखपृष्ठावरून त्याचं नाव पुन्हा मागे सरकलं. तिच्यात तबल्यावर केशव साठेच आहेत. मुंबईहून १९५६मध्ये लंडनला गेलेले साठे पुढे इंग्लिश लोकगीतांच्या जॉन रेनबर्नच्या मंडळीतही वाजवत होते. त्यांच्यावर मराठीत स्वतंत्र लेख व्हायला हवा.

सत्तरच्या दशकात डिसिल्वाने आणखी एक एलपी ध्वनिमुद्रित केली, ‘कोंकण डान्स’. ती कंपनीने काढलीच नाही. फीत कपाटात पडून राहिली. डिसिल्वा १९९६मध्ये लंडनमध्ये वारला आणि त्यानंतर दहा वर्षांनी, २००६मध्ये, ही तबकडी बाहेर आली. तोवर ‘हम दोनो’च्या मूळ प्रती युरोपातल्या संग्राहकांत चढ्या भावाने फिरू लागल्या होत्या. म्हणजे त्याच्या हयातीत ज्या पुऱ्या झाल्या आणि त्याच्या नावाने विकायला आल्या, त्या तबकड्यांचा काळ १९६९ ते १९७१ एवढाच.

‘हम दोनो’ पुन्हा प्रकाशित झाली आहे, तेव्हा ऐकायची सोय आहे. ‘बॅलड फॉर गोवा’पासून सुरुवात करा, ‘जयपूर’ शेवटी ठेवा. आणि एक विनंती आहे. आपल्या शहरात जुन्या घरांतून अजून तबकड्यांच्या चळती पडलेल्या आहेत. घर आवरताना त्या रद्दीवाल्याकडे जातात. देण्याआधी वेष्टनाची मागची बाजू वाचा. वाद्यवृंदात कोण होतं हे कुठे बारीक अक्षरात छापलेलं असेल, कुणी पेनने लिहून ठेवलं असेल, किंवा घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला आठवत असेल, तर ते एका वहीत टिपून ठेवा.