मधुमेह आहे? यात्रेतला थकवा अंगावर काढू नका
दत्त जयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्यात घोडेबाजार भरतो आणि तापीकाठी दिवसभर पायपीट होते. मधुमेह असेल आणि गळून गेल्यासारखं वाटलं, तर ‘चालून दमलो’ म्हणून सोडून देऊ नका. ग्लुकोमीटर जवळ ठेवा. घाम, थरथर, एकदम भूक आणि साखर ७०च्या खाली असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. घसा कोरडा आणि लघवीला सारखं जावं लागत असेल, तर साखर वाढलेली असू शकते.

थकवा रोजचाच असेल, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं. नंदुरबार जिल्ह्यात आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. इथल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल आढळतो. या आजाराने थकवा येतोच, शिवाय तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ‘एचबीए१सी’ तपासणीही चुकीचा आकडा दाखवू शकते. घरात कुणाला सिकलसेल असेल, तर ही तपासणी करण्याआधीच डॉक्टरांना सांगा.