पेशींच्या सूक्ष्म पुटिका : शास्त्र आणि बाजार

गेल्या काही महिन्यांत आमच्या चिकित्सालयात संधिगतवाताचे दोन रुग्ण 'गुडघ्यात एक्सोसोमचे इंजेक्शन घ्यावे काय?' असे विचारून गेले. त्याच सुमारास एका विक्रेता प्रतिनिधीने चेहऱ्यास लावावयाच्या एक्सोसोम-द्रवाच्या कुप्या औषधालयात ठेवण्याचा आग्रह धरला. 'यात नेमके काय आहे?' या आमच्या प्रश्नास त्याच्यापाशी रंगीत पत्रकापलीकडे उत्तर नव्हते. आणि खरे सांगावयाचे तर तेव्हा आमच्यापाशीही नव्हते. त्या निमित्ताने केलेले वाचन वैद्यबंधू व औषधालयचालक यांच्यापुढे ठेवीत आहोत.

पुटिकांचे स्वरूप

शरीरातील बहुतेक सर्व पेशी मेदपटलाने वेढलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतात. त्यांना पेशीबाह्य पुटिका म्हणतात. उत्पत्तीनुसार त्यांचे तीन प्रकार मानले जातात. पेशीच्या आतील कोशात तयार होऊन, तो कोश पेशीपटलाशी एकरूप झाल्यावर बाहेर पडणाऱ्या त्या एक्सोसोम. यांचा व्यास साधारण ३० ते १५० नॅनोमीटर. पेशीपटलालाच फुगवटा येऊन तुटणाऱ्या त्या मायक्रोव्हेसिकल. या १,००० नॅनोमीटरपर्यंत असू शकतात. मरणासन्न पेशीचे विघटन होताना होणारे पटलयुक्त तुकडे हा तिसरा प्रकार. मानवी केसाची जाडी सुमारे ८०,००० नॅनोमीटर धरल्यास १०० नॅनोमीटरची पुटिका तिच्या आठशेव्या हिश्शाइतकी ठरते. ती साध्या सूक्ष्मदर्शकातून स्पष्ट दिसत नाही.

मळ की निरोप?

१९६७ मध्ये पीटर वुल्फ यांनी रक्तद्रवातील अशा कणांचे वर्णन रक्तबिंबिकांची 'धूळ' असे केले. १९८३ मध्ये माँट्रियल येथे रोझ जॉन्स्टोन यांच्या गटाने मेंढीच्या, तर सेंट लुईस येथे फिलिप स्टाल यांच्या गटाने उंदराच्या अपक्व रक्तपेशींचा अभ्यास केला. पक्व होताना या पेशी लोह आत घेण्यासाठी लागणारे, आता अनावश्यक झालेले ग्राहक-प्रथिन पुटिकांवाटे टाकून देतात, असे आढळले. त्यामुळे पुटिका म्हणजे पेशीचा मळ, ही समजूत दृढ झाली.

१९९६ मध्ये ग्रासा रापोसो व सहकाऱ्यांनी, बी-लसिकापेशींच्या पुटिका टी-पेशींना उद्दीपित करतात हे दाखविले. २००७ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील यान लोटवाल यांच्या गटाने पुटिकांमध्ये आरएनए असते, व ते दुसऱ्या पेशीत गेल्यावर तेथे त्यानुसार प्रथिन तयार होऊ शकते, असे सिद्ध केले. मळ समजली गेलेली वस्तू निरोप्या ठरली. मात्र निरोप नेहमी हिताचाच असतो असे नाही. कर्करोगाच्या पेशीही पुटिका सोडतात, आणि त्या दूरच्या अवयवात रोग रुजण्यास भूमी तयार करतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.

ओज म्हणावे काय?

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. एका व्याख्यानात आम्ही उत्साहाच्या भरात 'एक्सोसोम म्हणजेच ओज' असे विधान केले होते, व त्यास टाळ्याही मिळाल्या होत्या. ते विधान आम्ही मागे घेतो. ओज हे सर्व धातूंचे सार होय. पुटिका तर कर्करोगग्रस्त पेशीही सोडतात, जीवाणूही सोडतात. मग त्यांनाही ओज म्हणावयाचे काय? अशा समीकरणाने ना आयुर्वेदाची प्रतिष्ठा वाढते, ना रुग्णाचे हित साधते.

आल्याच्या रसाचे उदाहरणही असेच तपासावे. २०१६ मध्ये अटलांटा येथील दिदिए मेर्लां यांच्या गटाने ताज्या आल्यापासून सुमारे २३० नॅनोमीटरचे कण वेगळे करून उंदरांना मुखावाटे दिले, तेव्हा मोठ्या आतड्याचा दाह कमी झाला. हे संशोधन आपणांस निश्चित रुचणारे आहे. तथापि प्रयोग उंदरांवरचा, द्रव्य ताजे आले. तो निष्कर्ष सुंठीच्या चूर्णाला वा कोणत्याही आसवाला लावता येणार नाही.

व्यवहारात काय करावे?

पुटिका वेगळ्या करणे जिकिरीचे आहे. गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक लाख पट वेगबलाने फिरविल्यावर त्या तळाशी बसतात. परंतु त्यांच्यासोबत प्रथिनांचे गोळे व मेदकणही येतात. म्हणूनच या विषयाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४, २०१८ व २०२४ मध्ये मार्गदर्शक निकष प्रसिद्ध केले. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, नेब्रास्का राज्यात एक्सोसोम म्हणून विकलेल्या उत्पादनांनी रुग्णांना गंभीर अपाय झाल्याचे सांगून जाहीर इशारा दिला होता.

तेव्हा औषधालयचालकांनी कुपी ठेवण्यापूर्वी चार गोष्टी लेखी मागाव्यात : पुटिका कोणत्या पेशींच्या वा वनस्पतीच्या, त्या कशा वेगळ्या केल्या, निर्जंतुकतेची तपासणी कोणी केली, आणि परवाना कोणत्या वापरासाठी आहे. त्वचेवर लावावयाचे द्रव्य सुईने टोचू देऊ नये. उत्तर न मिळाल्यास कुपी परत करावी. आम्ही ती परत केली. आणि त्या दोन्ही रुग्णांना, ज्या द्रव्याची आम्हांस खात्री नाही ते गुडघ्यात घेण्याचा सल्ला आम्ही देणार नाही, असे स्पष्ट सांगितले. एकाने ते मानले, दुसरा पुन्हा आला नाही. नवे ज्ञान आदराने शिकावे, परंतु रुग्णाच्या देहावर त्याची परीक्षा पाहू नये, एवढेच या निमित्ताने सुचवावेसे वाटते.