गाडीचा टेप बदलताना : पाच हजारांत काय बघावे?

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर मी नेहमी आपणांशी लागण, खोडवा, पाचट, हुमणी याविषयी बोलत असतो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. गेल्या हंगामानंतर माझ्या जुन्या जीपमधला टेप बदलला. तेव्हापासून शिवारफेरीत निदान दहा-बारा जणांनी विचारले असेल, "साहेब, नवा टेप कितीला पडला? आमच्या गाडीतला पण बंद पडलाय." प्रत्येकाला रस्त्यावर उभे राहून सांगण्यापेक्षा सगळे एकदा लिहून काढावे म्हणून हा लेख. आपल्यापैकी अनेकांकडे जुनी जीप, कार किंवा पिकअप आहे. हंगामात ट्रॅक्टर तर दारोदार उभे असतात. त्यामुळे विषय अगदीच परका नाही.

आधी टेप का बदलला ते सांगतो. सांगताना थोडी लाज वाटते, पण सांगितले पाहिजे.

जानेवारी महिना, संध्याकाळची सातची वेळ. गटातून परत येत होतो. कॅसेटचा टेप कधीच बंद पडलेला होता आणि त्यातला नुसता रेडिओ मोठ्याने चालू होता. तेवढ्यात एका सभासदाचा फोन आला, "साहेब, माझ्या प्लॉटला टोळी कवा येणार?" एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात फोन. रेडिओ बारीक करायला तिसरा हात नाही, म्हणून मान खाली घालून कोपराने बटण दाबू लागलो. मान वर केली तर समोर रिकामी बैलगाडी, पाठीमागे ना दिवा ना लाल पट्टी. जीप डावीकडे ओढली आणि पुढची दोन चाके चारीत गेली. गाडीवान वाचला, बैल वाचले, मीही वाचलो. गाडीवान काही बोलला नाही, नुसता माझ्या हातातल्या फोनकडे बघत राहिला. ती नजर अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. मी दोन सेकंद मान खाली घातली असेल, म्हणजे २२ मीटर आंधळेपणाने गेलो. घरी आल्यावर मंडळींनी एवढेच म्हटले, "गाणी राहू द्या, हातात न धरता फोनवर बोलता येईल असं काहीतरी बसवा." तिथून शोध सुरू झाला. बजेट ठरवले पाच हजार, त्यापुढे एक रुपया नाही.

गरज आधी, दुकान नंतर

दुकानात गेले की भिंतभर लाल-निळे दिवे लुकलुकत असतात आणि माणूस आपली गरज विसरतो. म्हणून घरीच कागदावर लिहिले : १) फोन हातात न घेता बोलता यावे, २) आकाशवाणी लागावी, ३) पेन ड्राइव्हवरची गाणी वाजावीत, ४) आवाजाचे बटण गोल फिरणारे असावे. चौथी गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण खाचखळग्यांच्या रस्त्यावर गोल बटण न बघता हाताला सापडते. नुसत्या स्पर्शावर चालणाऱ्या काचेकडे मात्र बघावेच लागते. मोठ्या पडद्याचा सेट मी याच कारणाने नाकारला. पाच हजारांत पडदा घेतला असता तर स्पीकर आणि वायरिंगला पैसे उरले नसते.

त्यानंतर जागा मोजावी. जुन्या गाड्यांत बहुधा एकेरी माप असते, सुमारे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. दुहेरी मापाची उंची याच्या दुप्पट, सुमारे १०० मिलिमीटर. खोलीही बघावी, कारण काही जीपमध्ये मागे वायपरची मोटार आडवी येते. सीडीची यंत्रणा नसलेले सेट कमी खोलीत बसतात आणि स्वस्तही पडतात.

वॉटाचा हिशेब : टनेज आणि उतारा

खोक्यावर मोठ्या अक्षरांत "५० वॉट × ४" लिहिलेले असते. दुकानदार सांगतो, "साहेब, दोनशे वॉटचा आहे." आता आपण शेतकरी माणसे, मोटारीचा हॉर्सपॉवर आणि मीटरचे युनिट आपल्याला कळते. तोच हिशेब इथे लावू.

सेटच्या पाठीमागे फ्यूज असतो. तो १० अँपिअरचा आहे असे धरा. इंजिन चालू असताना बॅटरीचा दाब सुमारे १४ व्होल्ट. १४ गुणिले १० म्हणजे १४० वॉट. सेट बॅटरीतून जास्तीत जास्त एवढेच ओढू शकतो, त्याहून जास्त सतत ओढले तर फ्यूज उडेल. यातले साधारण निम्मे उष्णतेत जातात, म्हणून तर सेटची पाठ तापते. उरले ७० वॉट, चार स्पीकरांत वाटले की प्रत्येकी १७-१८. दोनशे कुठून आले? तो क्षणभराचा कमाल आकडा असतो. सतत मिळणारी ताकद 'आरएमएस' या शब्दापुढे बारीक अक्षरांत छापलेली असते, ती वाचावी. एकरी टनेज सगळेच छातीठोक सांगतात, पण साखर उताऱ्यावर ठरते. तसेच हे आहे.

पैसे वॉटांवर घालण्यापेक्षा स्पीकरवर घालावेत. स्पीकरच्या खोक्यावर संवेदनशीलतेचा आकडा डेसिबलमध्ये असतो. ८८ आणि ९१ यांत फरक तीनचाच दिसतो, पण ९१ चा स्पीकर निम्म्या ताकदीत तेवढाच आवाज देतो. छोट्या सेटला असाच स्पीकर शोभतो. स्पीकर ४ ओहमचे घ्यावेत. एका वाहिनीवर दोन स्पीकर समांतर जोडू नयेत, भार २ ओहमवर येतो आणि सेट तापून बंद पडतो.

फोन आणि रेडिओ

फोनसाठी ब्लूटूथ हवे हे आता सर्वांना ठाऊक आहे. पण ब्लूटूथ असले म्हणजे बोलणे नीट होतेच असे नाही. काही स्वस्त सेटमध्ये नुसती गाणी येतात, बोलण्याचा माइकच नसतो. काहींत माइक सेटच्या तोंडावर असतो, आणि डिझेल जीपच्या घरघरीत समोरच्याला आपले बोलणे ऐकू जात नाही. वायरीने वेगळा जोडता येणारा माइक असलेला सेट शोधावा आणि तो माइक चालकाच्या तोंडाजवळ, वर सन व्हायजरपाशी लावावा. दुकानातच घरी फोन लावून बघावा, इंजिन चालू ठेवून.

रेडिओत 'एफएम' बहुतेक सेटमध्ये येतो, 'मीडियम वेव्ह' मात्र अनेक नव्या सेटमध्ये नसते. आपल्याला जे केंद्र ऐकायचे आहे ते कशावर लागते हे आधी पाहून घ्यावे. मीडियम वेव्ह असेल तर सेटमधली प्रदेशाची निवड तपासावी. आपल्याकडे केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या पायरीने लागतात, अमेरिकेत १० च्या. चुकीची निवड राहिली तर केंद्र हाताला लागत नाही आणि आपण उगाच एरियलला दोष देतो. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे डोंगराआड खरखर होणारच, तो सेटचा दोष नव्हे. पेन ड्राइव्ह सेटने वाचला नाही तर तो एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट करावा. बहुधा काम होते, मात्र त्याआधी आतली गाणी दुसरीकडे उतरवून ठेवावीत.

माझे बाराशे रुपये कसे जळाले

आता माझी चूक. पहिल्यांदा मी वरचे काहीच केले नाही. रस्त्याकडेच्या एका दुकानातून १,२०० रुपयांचा सेट घेतला आणि तिथल्याच पोराकडून बसवून घेतला. पाव तासात जळका वास आला आणि सेट कायमचा मुका झाला. पक्के बिल नव्हते, त्यामुळे भांडायलाही तोंड नव्हते.

कारण नंतर कळले. माझ्या जीपमध्ये आधीच्या मालकाने स्पीकरला एकेकच वायर ओढली होती आणि दुसरे टोक गाडीच्या बॉडीला जोडले होते. जुन्या साध्या टेपला ते चालायचे. आजच्या सेटमध्ये स्पीकरची वजा वायरसुद्धा जिवंत असते, ती बॉडीला लागली की आतला भाग जळू शकतो. प्रत्येक स्पीकरला सेटपासून स्वतंत्र दोन वायरी हव्यात. जुन्या गाडीचे वायरिंग उघडून बघितल्याशिवाय नवा सेट जोडू देऊ नये.

आणखी तीन गोष्टी. एक, पिवळी वायर थेट बॅटरीवर आणि लाल वायर किल्लीवर असते. घाईत दोन्ही एकत्र करून बॅटरीला जोडल्या तर सेट बंद करायचा विसरला की रात्रभर वीज खातो आणि सकाळी गाडी ढकलावी लागते. रंग सर्वत्र सारखेच असतील असे नाही, म्हणून सेटवरचा नकाशा बघावा. दोन, गाडीची वायर कापू देऊ नये, मधला कपलर विकत मिळतो तो घालावा. तीन, ट्रकवाल्या सभासदांसाठी : ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते. १२ व्होल्टचा सेट थेट लावला तर जळेल. दोनपैकी एका बॅटरीवरून वीज घेण्याची युक्ती काही जण करतात, त्याने दोन्ही बॅटऱ्यांचे चार्जिंग असमान होते आणि त्या लवकर जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावणे हाच बरा मार्ग.

दुसऱ्या खेपेचा माझा खर्च असा : सेट २,४५०, स्पीकरची जोडी १,३५०, कपलर व एरियलची पिन २००, वायर व फ्यूज १५०, मजुरी ५००. एकूण ४,६५० रुपये, पक्क्या बिलासह. जळालेले १,२०० यात धरलेले नाहीत.

ट्रॅक्टरवरच्या डेकविषयी

इथे थोडे कडक बोलतो, राग मानू नये. हंगामात दोन ट्रेलर जोडलेले आपले ट्रॅक्टर मडगार्डवर पेट्या लावून गर्जत जातात. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर, ओढ असताना, इंजिनचाच आवाज ९० डेसिबलच्या आसपास जातो. गाणे ऐकू यायचे तर त्याहून मोठे लावावे लागते. मग मागून येणाऱ्या एस.टी.चा हॉर्न ऐकू येणार कसा? मागच्या ट्रेलरची पिन निसटली, कोणी ओरडले, तेही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापाप्रमाणे ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे कानाला सोसते, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९२ डेसिबलला आठवड्याचे अडीच तास उरतात. आपला चालक एका रात्रीत त्याहून जास्त वेळ ट्रॅक्टरवर बसतो. विशी-पंचविशीतली ही पोरे आहेत, हंगाम संपला तरी कान त्यांना जन्मभर लागणार आहेत. झोप येऊ नये म्हणून गाणी लावतो, असे ते सांगतात. झोपेवर उपाय झोप हाच आहे. त्यासाठी खेपा लावताना आपण मालकांनीच विचार केला पाहिजे. आणि डेकचे पैसे आधी ट्रेलरच्या मागच्या लाल पट्ट्यांना व दिव्याला लावावेत.

शेवटी एक विनंती

हातात मोबाईल धरून वाहन चालवणे हे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८४ मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, धोकादायक चालवणे म्हणून धरलेले आहे. नवा सेट बसवल्यावर हात मोकळा झाला हे खरे. पण मन मोकळे होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. तोडीचा क्रम, खोडव्याची नोंद, टोळीची भांडणे बोलायची म्हणजे डोळे रस्त्यावर असले तरी डोके प्लॉटात जाते.

म्हणून या हंगामापासून मी असे ठरवले आहे : गाडी चालवताना आपला फोन आला तर "गाडीवर आहे, थांबून फोन करतो" एवढेच सांगेन आणि पुढे रुंद जागा बघून थांबल्यावर फोन करीन. पाच-दहा मिनिटे उशीर होईल. साहेबाने फोन तोडला असे कृपया समजू नये. टोळी पाच मिनिटांनी लवकर येत नाही की उशिरा येत नाही, पण रस्त्यावरच्या गाडीवानाला त्या पाच मिनिटांचे मोल फार आहे.

सर्व सभासद, तोडणी मजूर आणि वाहतूकदार बंधूंना सुखरूप हंगामाच्या शुभेच्छा.

आपला,
ऊस विकास अधिकारी