बाळाचा पहिला श्वास आणि साबणाचं विज्ञान: फुप्फुसातलं 'सर्फॅक्टंट' नेमकं काय करतं?

७ ऑगस्ट १९६३. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांना मुलगा झाला. त्याचं नाव पॅट्रिक. तो साडेपाच आठवडे आधी जन्मला होता आणि त्याचं वजन होतं साधारण २.१ किलो. जन्मानंतर लगेचच त्याला धाप लागली. ३९ तासांनी, ९ ऑगस्टला तो गेला.

त्याच्या फुप्फुसात एकच गोष्ट कमी पडत होती, ती म्हणजे सर्फॅक्टंट.

सर्फॅक्टंट म्हणजे काय?

पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात. हवेला लागून असलेल्या रेणूंना मात्र वरून ओढणारं कुणी नसतं. त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग सतत आकसायला बघतो. हाच पृष्ठताण. अळूच्या पानावरचा थेंब गोल होतो, त्यामागेही हाच ताण असतो.

साबण हे सर्फॅक्टंटचं घरातलं उदाहरण. त्याच्या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढलं जातं, तर शेपूट पाण्यापासून दूर पळतं. म्हणून हे रेणू पृष्ठभागावर जाऊन बसतात: डोकं पाण्यात, शेपूट हवेत. त्यांच्यामुळे पाण्याची ओढ ढिली पडते आणि पृष्ठताण निम्म्याच्या आसपास येतो.

पण हे लगेच होतं का?

नाही. भांडी घासताना नवा बुडबुडा तयार होतो, तेव्हा पहिल्या क्षणी त्याचा पृष्ठभाग जवळपास रिकामा असतो. रेणूंना आधी पाण्यातून भटकत तिथवर पोहोचावं लागतं आणि मग जागा मिळवावी लागते. लोकलच्या रिकाम्या डब्यासारखंच हे. पहिले प्रवासी पटकन बसतात, नंतरच्यांना जागा शोधावी लागते.

साबण भरपूर असेल, तर हे काम सेकंदाच्या छोट्याशा भागात होतं. तो अगदी विरळ असेल, तर मिनिटं, कधी तासही लागतात.

फुप्फुसात हा वेळ इतका महत्त्वाचा का?

फुप्फुसातल्या कोट्यवधी वायुकोशांना आतून पाण्याचा पातळ थर असतो. पृष्ठताण जास्त असेल, तर श्वास सोडल्यावर हे वायुकोश मिटून जातात. मग प्रत्येक श्वासाला ते नव्याने उघडावे लागतात. नवीन फुग्यात पहिली हवा भरताना किती जोर लागतो, ते आठवा. इवलंसं बाळ यात थकून जातं.

नवजात बाळ मिनिटाला साधारण ४० ते ६० वेळा श्वास घेतं. म्हणजे एका श्वासाला जेमतेम एक ते दीड सेकंद. तेवढ्यात वायुकोश फुगतो, पृष्ठभाग वाढतो आणि नव्या जागेवर सर्फॅक्टंट पोहोचावं लागतं.

फुप्फुसातलं सर्फॅक्टंट मुख्यतः स्निग्ध पदार्थांचं असतं. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्यामुळे एकेक रेणू भटकत येईपर्यंत फार उशीर होईल. म्हणून ते गाठोड्यांच्या रूपात येतं. एसपी-बी आणि एसपी-सी ही प्रथिनं ती गाठोडी पृष्ठभागावर झटपट पसरवतात. श्वास सोडताना हा थर दाटतो, पृष्ठताण शून्याच्या जवळ जातो आणि वायुकोश उघडे राहतात.

गर्भात पुरेसं सर्फॅक्टंट तयार व्हायला साधारण ३५ आठवडे लागतात. त्याआधी जन्मलेल्या बाळांना म्हणूनच धोका जास्त असतो.

उपचार कसे सापडले?

मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्येच दाखवलं होतं की, या आजाराने दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट कमी असतं. म्हणजे पॅट्रिकच्या वेळी कारण माहीत होतं, पण औषध नव्हतं.

१९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवलं की, प्रसूतीआधी आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाचं फुप्फुस लवकर तयार होतं. १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसातून काढलेलं सर्फॅक्टंट १० बाळांच्या श्वासनलिकेतून दिलं आणि त्यांचा श्वास सुधारला. आज एनआयसीयूमध्ये हा नेहमीचा उपचार आहे.

तुम्ही काय लक्षात ठेवायचं?

आईला दिलेल्या इंजेक्शनचा पूर्ण परिणाम व्हायला साधारण २४ तास लागतात. म्हणून दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या किंवा अंगावरून पाणी गेलं, तर 'थोडं थांबून बघू' म्हणू नका. लगेच रुग्णालय गाठा. इंजेक्शन द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण त्यासाठी त्यांच्या हातात वेळ हवा.