रेक्टिफाइड टाइललाही फट लागते

‘रेक्टिफाइड टाइल आहे, जॉइंट-फ्री. कडेला कड लावून टाका, फरशी अखंड दिसेल.’ टाइल्सच्या दुकानात हे आजही बिनदिक्कत सांगितलं जातं. घरमालक तेच मिस्त्रीला ऐकवतो आणि मिस्त्री स्पेसरची पिशवी न फोडता काम उरकतो. पुढे कधीतरी हॉलच्या मधोमध दोन ओळी तंबूसारख्या वर उचलल्या गेल्या, की दोष टाइलला दिला जातो नाहीतर सिमेंटला. फटीबद्दल कोणी विचारत नाही.

आधी रेक्टिफाइड टाइल म्हणजे काय ते पाहू. साधारण 1200 अंशांच्या भट्टीत टाइल भाजली जाते तेव्हा ती आकसते, आणि सगळ्या टाइल्स सारख्याच आकसत नाहीत. म्हणून भाजल्यानंतर चारही कडा डायमंड व्हीलनं घासून एका मापात आणतात. कडा सरळ होतात, कोपरे काटकोनात येतात. काम इथंच संपतं. टाइलच्या अंगात आलेला बाक कडा घासून जात नाही. मापही केसाइतकं अचूक नसतं. आयएसओ 13006 या आंतरराष्ट्रीय मानकात साध्या टाइलला ठरलेल्या मापापासून 0.6 टक्के, फार तर 2 मिमी फरक चालतो, रेक्टिफाइडला 0.3 टक्के, फार तर 1 मिमी. म्हणजे फरक कमी झाला, संपला नाही.

मग फट किती ठेवायची? अमेरिकेच्या एएनएसआय ए108.02 मानकाचा नियम सोपा आहे: टाइल्सच्या मापात प्रत्यक्ष जेवढा फरक असेल त्याच्या किमान तिप्पट, आणि काही झालं तरी एक सोळांश इंचाहून, म्हणजे सुमारे 1.6 मिमीहून कमी नाही. समजा, वेगवेगळ्या बॉक्समधल्या 600 मिमीच्या टाइल्स मोजल्या. सगळ्यात लहान 599.7 भरली, सगळ्यात मोठी 600.3. फरक 0.6, त्याच्या तिप्पट 1.8. स्पेसर 2 मिमीचा. ब्रिटनचं बीएस 5385 तर जमिनीसाठी किमान 3 मिमी सांगतं. यातल्या कुठल्याही मानकात शून्य नाही!

लाकडी फळीसारख्या लांब टाइल्स विटांच्या रचनेत लावणार असाल तर 2 मिमीही पुरत नाहीत. कारण टाइलचा बाक. तो तपासायला दोन टाइल्स पृष्ठभाग समोरासमोर करून एकमेकींवर ठेवा. मधोमध बारीक उजेड दिसला किंवा वरची टाइल डुलली, तर तो बाक. विटांच्या रचनेत एकीचा फुगलेला मध्य दुसरीच्या खाली गेलेल्या टोकाशेजारी येतो आणि पायाला कड लागते. म्हणूनच 15 इंचांहून लांब रेक्टिफाइड टाइल अशी लावताना तेच अमेरिकी मानक किमान एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे 3 मिमी फट मागतं, त्यात बाकाचं माप मिळवायला सांगतं, आणि कंपनीनं वेगळं सांगितलं नसेल तर ओळ एक तृतीयांशाहून जास्त सरकवू देत नाही. अर्ध्यावर सरकवलेली रचना फोटोत छान दिसते, पण बाक असेल तर पायाला तो लागणारच.

आता टाइल्स उचलल्या जाण्याबद्दल, कारण इथं गोंधळ सगळ्यात जास्त. नवं काँक्रीट सुकताना आकसतं. आयएस 456 या भारतीय काँक्रीट मानकात हे आकुंचन अंदाजे 0.0003 धरलं आहे, म्हणजे 5 मीटरच्या खोलीत दीड मिलिमीटर. टाइल मात्र आकसत नाही. खालचा पाया लहान होतो, वरचा थर तेवढाच राहतो, आणि कड कडेला टेकलेली असेल तर दाबाला जायला जागा उरत नाही. दुपारचं ऊन येणाऱ्या खोलीत टाइल तापून पसरते, तो दाब आणखी वेगळा. पण हेही नीट समजून घ्या: 2 मिमीच्या फटीत भरलेल्या सिमेंट ग्राउटला एवढी हालचाल पचत नाही. ती पचवायला भिंतीलगत मोकळी फट आणि मोठ्या खोल्यांत लवचीक सीलंटचे जॉइंट लागतात. अमेरिकेच्या टाइल कौन्सिलच्या हँडबुकनुसार घरात दर 25 फुटांच्या आत, आणि थेट ऊन येत असेल तिथं दर 12 फुटांच्या आत. ग्राउटची फट मापातला फरक सांभाळते, कडांचे टवके उडू देत नाही. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि दोन्ही लागतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘बारीक रेघेत घाण कमी साचते’: उलट, अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत ग्राउट तळापर्यंत जातच नाही, वरवर बसतं, काही महिन्यांत निघतं आणि मग घाण आत जाते. ‘पांढरं सिमेंट भरलं की झालं’: ते तडकतं आणि पिवळं पडतं. ‘इपॉक्सी वापरलं तर फट नको’: फट टाइलच्या मापावरून ठरते, भरायच्या मालावरून नाही. ‘ग्राउट भरलं की बाथरूम गळत नाही’: पाणी अडवतं ते खालचं वॉटरप्रूफिंग.

मिस्त्रीशी बोलणं काम सुरू होण्याआधी करा, पहिली ओळ बसल्यावर नाही. सगळे बॉक्स एकाच बॅचचे आहेत का ते पाहा, चार-पाच बॉक्समधल्या टाइल्स मोजायला लावा आणि स्पेसर तुमच्यासमोर उघडायला सांगा. भिंतीलगत 6 मिमी मोकळे ठेवा, त्यात माल भरू देऊ नका. स्कर्टिंग बसलं की ती फट दिसत नाही.