वाकळीवरची योग्या

वैद्याला निवृत्ती नसते, असे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. शासकीय सेवेत वा महाविद्यालयात असलेल्या बंधूंना एक तारीख मिळते, निरोपसमारंभ होतो, शाल-श्रीफळ हाती पडते. स्वतःचे चिकित्सालय चालविणाऱ्याला ती तारीख स्वतःच ठरवावी लागते आणि बहुतेकजण ती ठरवीतच नाहीत. रुग्ण येतात तोवर बसायचे, असा सर्वसाधारण परिपाठ. नाडी, निदान, औषधयोजना यांना वय बाधत नाही, उलट पिकलेल्या वैद्याकडे लोक अधिक विश्वासाने येतात, हेही खरे. परंतु ज्यांच्या हातात सुई, एषणी किंवा सूत्र असते, त्यांच्यापुढे हा प्रश्न निराळ्या रीतीने उभा राहतो. प्रस्तुत लेखक अशांपैकी एक आहे. गेली एकतीस वर्षे सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी भगंदराच्या रुग्णांवर क्षारसूत्र चिकित्सा करीत आलो. पासष्टाव्या वर्षी थांबायचे, असे घरात बोलून ठेवले होते. ती वेळ दोन वर्षांवर आली असताना, म्हणजे २०२४ च्या आषाढात, मी वाकळ शिवायला शिकू लागलो.

पुण्या-मुंबईकडे जिला गोधडी म्हणतात, तीच आमच्याकडे वाकळ. बाळंतिणीच्या घरी लहान आकाराचे शिवले की ते दुपटे. उत्तर कर्नाटकात कौदी, बंगालात कांथा. संस्कृतातील कन्था याच कुळातली. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरून साध्या धावदोऱ्याने शिवून टाकायची, एवढेच या वस्तूचे शास्त्र, असे मी समजत होतो.

त्या आषाढात पाऊस सारखा लागला होता आणि रुग्ण थोडे होते. आमच्या औषधालयात चूर्णे चाळण्याचे काम अनेक वर्षे करणाऱ्या मावशी मागच्या ओसरीवर तीन लुगडी पसरून बसल्या होत्या. दुपारच्या रिकामपणात मी सहज म्हणालो, "मावशी, मलाही शिकवा की." त्यांनी वर न पाहता उत्तर दिले, "डाक्टर, ह्ये काय काढा उकळण्याइतकं सोपं न्हाई." आणि सुई पुढे केली.

सुई हातात घेतली तेव्हा प्रथम आठवला तो सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय, योग्यासूत्रीय. आपण सर्वांनी तो परीक्षेसाठी पाठ केलेला असतो. छेदनाचा अभ्यास कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर करावा. भेदनाचा पाण्याने वा चिखलाने भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर. एषणाचा किडीने पोखरलेल्या लाकडावर किंवा बांबूच्या नळीवर. आणि सीवनाचा पातळ व जाड वस्त्रांच्या आणि मऊ चामड्याच्या कडांवर. शास्त्र कितीही ऐकलेले असो, ज्याने योग्या केली नाही तो कर्मास अपात्र, असे आचार्यांनी तेथे स्पष्टच म्हटले आहे. आमच्या विद्यार्थिदशेत ही यादी फळ्यावर लिहून झाली, तोंडी परीक्षेत विचारली गेली आणि पूर्ण गुणही मिळाले. वस्त्राच्या कडेला सुई मात्र कोणी लावली नाही. पुढे टाके घालावयास शिकलो ते थेट अपघातात फुटलेल्या डोक्यांवर, रात्रपाळीत. म्हणजे जी योग्या विसाव्या वर्षी व्हावयास हवी होती, ती त्रेसष्टाव्या वर्षी ओसरीवर सुरू झाली.

पहिले आठ दिवस मावशींनी टाका घालूच दिला नाही. लुगडी धुऊन, खळ पूर्ण काढून, उन्हाची उघडीप मिळेल तेव्हा कडकडीत वाळवायची. काठ वेगळे फाडून ठेवायचे, कारण काठाचे विणकाम दाट असते आणि अंगाचे विरळ. दोन्ही एकत्र शिवले तर धुतल्यावर एक आटते, दुसरे आटत नाही, आणि वाकळीला सुरकुत्या पडतात. मग प्रत्येक थर हातांच्या तळव्यांनी चाचपायचा. एका साडीच्या फॉलमध्ये तुटलेली टाचणी निघाली. ती मला दाखवून त्या म्हणाल्या, "ही आत ऱ्हायली असती तर पोराच्या पाठीत गेली असती." व्रणात शल्य, धूळ वा दूषित रक्त शिल्लक असताना तो शिवू नये, हा सुश्रुतांचा दंडक याहून निराळा नाही.

नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. मधोमध दुमडले की खालचे अस्तर आणि वरचा थर दोन्ही एकाच लुगड्यात होतात. आतले पोट भरण्यास आणखी दोन-तीन लागतात. त्या पोटात आमच्या औषधालयातील जुनी गाळण्याची फडकीही गेली. नायलॉनच्या चाळण्या आल्यापासून ती पडून होती. हळदीचे, मंजिष्ठेचे डाग तसेच. औषधालयाच्या मालकांनी आपापली माळवदे एकदा पाहावीत. असे मऊ झालेले सुती कापड आता विकत मिळत नाही. तेलाची फडकी मात्र घेऊ नयेत. त्यांचा खवट वास कितीही धुतला तरी जात नाही.

थर अंथरून चारी कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, खलबत्ता असे जड काही ठेवतात. मोठमोठे कच्चे टाके घालून सर्व थर जागेवर बांधतात आणि मग कडेपासून सुरुवात करून चारी बाजूंनी फिरत फिरत मध्याकडे येतात. शिवणारा वाकळीवरच बसतो. त्याच्याच वजनाने कापड ताणलेले राहते. कडेकडून का, मधून का नाही, असे मी विचारले. मधून सुरू केले तर कापड बाहेर सरकत जाते आणि कडा कधीच जुळत नाहीत, हे स्पष्टीकरण मला चौथ्या दिवशी, स्वतः करून फसल्यावर पटले.

टाक्यांच्या अंतराबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तेथे माझा खरा वेळ गेला. सुश्रुतांनी सीवनाच्या प्रकरणात सांगितले आहे की सुई फार दूर टाकली तर व्रणाच्या ओठांत वेदना राहते आणि फार जवळ टाकली तर ओठ फाटतात. हे वाक्य मी विद्यार्थ्यांना अनेकदा समजावून दिले आहे. पण जुन्या लुगड्यावर ते बोटांना कळले. दूर घातलेल्या टाक्यांत आतले थर गोळा होतात आणि रात्री पायाचा अंगठा त्यात अडकून दोरा तुटतो. मग मी अतिउत्साहाने फार बारीक टाके घातले. ओळ दिसायला सुरेख दिसली, पण मावशींनी दोन्ही बाजूंनी कापड धरून हलकेच ओढले आणि पोस्टाच्या तिकिटाप्रमाणे ते सरळ रेषेत फाटले. "वढू नका म्हटलं, तरी तुमी कापाडाला टोचून टोचूनच मारलं," एवढीच टीका झाली. किती अंतर ठेवावे याचे माप त्यांनी दिले नाही. कापड किती झिजले आहे ते पाहून ठरवायचे. शेवटी कापडाचे बलाबलच पाहायचे तर.

सुई वरून खाली जाते तेव्हा खाली डाव्या हाताची तर्जनी तिची वाट पाहत असते आणि टोचून घेते. उजव्या हाताच्या मध्यमेने सुईचा माथा रेटावा लागतो. पंधरा दिवसांत तेथे घट्टा पडू लागला. नाडीवर ठेवण्याच्या तीन बोटांपैकी हे मधले. स्पर्श बोथट होईल या भीतीने मी अंगुस्तान आणले. मावशींना ते नाटकी वाटले. ज्या वैद्यांना हा नाद लागेल त्यांनी पहिल्या दिवसापासून अंगुस्तान वापरावे, असे माझे मत आहे. एका बैठकीत पाऊण तासाहून अधिक बसू नये; कटी आणि जानू दोन्ही तक्रार करतात. उजेड डावीकडून घ्यावा.

आता मूळ गोष्टीकडे येतो. त्याआधीच्या वर्षभरात माझ्याकडे तीन वेळा एक प्रकार घडला होता. दर आठवड्याला सूत्र बदलताना जुन्या सूत्राच्या टोकाला नवे बांधून ते मार्गातून ओढून घेतो, हे वाचकांस ठाऊकच आहे. तीनही वेळा गाठ आत सुटली. मार्ग पुन्हा एषणीने शोधावा लागला आणि रुग्णाला अकारण वेदना सोसाव्या लागल्या. त्यापूर्वीच्या तीस वर्षांत असे किती वेळा झाले ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. पहिल्या वेळी मी सूत्राला दोष दिला; लेप नीट वाळले नव्हते म्हटले. दुसऱ्या वेळी रुग्ण हलला. तिसऱ्या वेळी दिव्याला. तिघांनाही मी धीर दिला, खरे कारण सांगितले नाही, कारण ते मी स्वतःलाही सांगितले नव्हते.

व्रण भरून येतो आणि वैद्याच्या हाताची साक्ष पुसली जाते. वाकळीवर ती पुसली जात नाही. मावशींच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्याच हौसेने मी प्रत्येक दिवसाच्या ओळीच्या टोकाशी खडूने तारीख आणि वेळ लिहीत असे. कार्तिकात एका रविवारी निम्मी झालेली वाकळ अंगणात उन्हात टाकली आणि सहज टाके मोजू लागलो. सकाळच्या ओळींत एका वितीत अठ्ठावीस ते तीस टाके, अंतर सारखे. संध्याकाळच्या ओळींत, म्हणजे रुग्ण संपल्यावर सहानंतर शिवलेल्यांत, वीस-बावीस; त्यातही दोन टाके लांब, एक आखूड, आणि ओळ उजवीकडे कललेली. एका दिवसाचे नव्हे, चार महिन्यांचे तेच. मी भगंदराच्या रुग्णांना संध्याकाळी पाचनंतर बोलावीत असे, कारण शेतावरची आणि नोकरीवरची माणसे त्याच वेळी मोकळी होतात. तीनही गाठी त्याच वेळी सुटल्या होत्या.

नेत्रतज्ज्ञांना दाखविले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात होती; शस्त्रक्रियेची घाई नाही, पण कमी उजेडात त्रास होणारच, असे ते म्हणाले. हाताची किंचित थरथर डोळ्यांमुळे नव्हती. ती वयाची आणि दिवसभराच्या श्रमाची होती. सकाळी जवळजवळ नसते.

त्याच आठवड्यात सूत्र बदलण्याचे सर्व काम सकाळी आठ ते दहा या वेळेत आणले. काही रुग्ण नाराज झाले. दोघे दुसरीकडे गेले. नवे भगंदर हाती घेणे मी डिसेंबर २०२४ पासून बंद केले आणि चालू असलेले सर्व रुग्ण पूर्ण होईपर्यंत सांभाळले. ज्यांच्या बाबतीत गाठ सुटली होती त्यांपैकी एकजण गावातलेच. त्यांना घरी जाऊन खरे काय ते सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चहा घेऊन जा म्हणाले.

काही वैद्यमित्रांना हा अतिरेक वाटला. एकाने लिहिले की थरथर तर सर्वांनाच येते, अनुभव त्यावर मात करतो. अनुभवाबद्दल माझा आदर कमी नाही. पण अनुभवाने सुई कोठे घालायची ते कळते. ती तेथेच जाईल याची हमी बोटे देतात, आणि बोटांची परीक्षा आपण शेवटची केव्हा घेतली होती, हा प्रश्न मी उलट टपाली विचारला. उत्तर अजून आलेले नाही.

वाकळ २०२५ च्या माघात पुरी झाली. वजनाला चांगली जड आहे. चरकांनी अग्नीविना स्वेदाचे जे दहा प्रकार सांगितले त्यांत गुरुप्रावरण येते. त्याचा अर्थ त्या हिवाळ्यात अंगावर घेऊन कळला. दम्याच्या रुग्णांना देताना मात्र एक पथ्य सांगावे: वाकळ दर आठ-पंधरा दिवसांनी उन्हात झटकलीच पाहिजे, नाहीतर तिच्या पोटातली धूळच श्वासाला कारण होते.

क्षारसूत्राचे काम आता शल्यतंत्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या एका तरुण वैद्या आमच्याकडे येऊन करतात. पहिल्या दिवशी मी त्यांच्यापुढे फाटक्या लुगड्याचा तुकडा, सुई आणि दोरा ठेवला. त्यांना तो अपमान वाटला असावा. पण बसल्या आणि दोन विती शिवल्या. मी कापड मावशींकडे दिले. त्यांनी चष्मा न लावता, अंगठ्याने टाक्यांवरून हात फिरविला आणि म्हणाल्या, "बाईंचा हात हलका हाय. संध्याकाळी पुन्हा शिवून घ्या, मग सांगते."

संध्याकाळचेही टाके सारखे होते. त्यामुळे शेतावरच्या माणसांसाठी पाचनंतरची वेळ पुन्हा सुरू झाली आहे. उरलेल्या एका लुगड्याचे मी दुपटे करावयास घेतले आहे. आकार लहान असल्याने रोज सकाळचा अर्धा तास त्याला पुरतो.